चार मजले खाली

६ जून

प्रिय फोल्कमार,

पाकिटामागचा पत्ता पाहून तू चष्मा पुसला असशील. पत्ता बरोबर आहे. मी घर बदललं. एक मार्चपासून मी स्टेशनमागच्या गल्लीत राहते, आणि गेले चौदा रविवार फोनवर तासतासभर बोलूनही तुला ताकास तूर लागू दिली नाही. नंबर तोच राहिला, त्यामुळे लपवणं सोपं गेलं. तू रागावशील. रागाव हवं तर, पण पत्र संपल्यावर. हे घर टिकणार की पुन्हा सामान बांधावं लागणार, हे गेल्या मंगळवारपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं, आणि अर्धवट बातमी सांगायची मला सवय नाही. शिवाय घर का बदललं याचं एक कारण मी साऱ्या गावाला सांगितलंय आणि दुसरं कुणालाच नाही. ते दुसरं तुला सांगायला बसलेय. धीर गोळा होईपर्यंत बाकीचं ऐकून घे.

गावाला सांगितलेलं कारण म्हणजे माझा डावा गुडघा. चौथा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या एकाहत्तर. हेल्मुट होता तोवर पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट तो खांद्यावरून वर आणायचा आणि दारात टेकवताना दर वेळी म्हणायचा, "बाईसाहेब, तुमचा हमाल आला." तो गेल्यापासून नऊ वर्षं मी दोन-दोन बाटल्या वर नेत आले. लोकांना हे ठाऊक होतं, त्यामुळे गुडघा म्हटल्यावर कुणी पुढे विचारलं नाही. जानेवारीत बेकरीतल्या फलकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली: तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरसबंद अंगण, शांत माणसाला. मी चिठ्ठी काढून खिशात घातली, म्हणजे माझ्याआधी दुसरं कुणी फोन करायला नको. लाज वाटली, पण परत लावली नाही.

भाडं ऐकून मात्र मी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. जुन्या घराचं चारशे दोन युरो, या घराचं पाचशे अठ्ठ्याण्णव, दोन्ही आकडे घर उबदार ठेवण्याचा खर्च सोडून. तुला माहीत आहे, चाळीस वर्षं मी लोकांच्या विजारी आखूड केल्या आणि झिपा बदलल्या, त्यातली निम्मी वर्षं अर्धवेळ. त्याची पेन्शन काय येणार! पाच वर्षांपासून मला नगरपालिकेकडून भाड्याची मदत मिळते, महिना एकशे अडुसष्ट. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपण दक्षिणेकडचे स्वाबियन लोक, मदत घेतो म्हणण्यापेक्षा दात दुखतो म्हणून घरी बसू. पण मी मनाशी सरळ हिशेब केला होता. भाडं वाढलं म्हणजे मदतही वाढेल, आणि मी जिथे जाईन तिथे ती माझ्यामागे येईल, जसं वर्तमानपत्र येतं. सही करून टाकली.

सामान हलवण्याआधी मी यादी केली आणि एकेक नाव खोडत गेले. पोस्ट, बँक, दातांचा डॉक्टर, वीज, विमा, वाचनालय, इतकंच काय, हेल्मुटच्या थडग्याचं शुल्क कळवणारं दफनभूमीचं कार्यालय. सगळ्यांना नवा पत्ता लेखी कळवला. नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर जाऊन राहण्याची नोंद बदलली, शिक्का घेतला आणि यादीतली शेवटची ओळ खोडली. मदतीचं कार्यालय त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं, दुसऱ्या मजल्याने तिसऱ्याला सांगितलं असणार, एका जिन्याचं तर अंतर आहे. मार्चची मदत नेहमीसारखी खात्यात आली आणि मी निर्धास्त झाले.

माझे डोळे उघडले समोरच्या केशेलेबाईंनी. त्यांच्याबद्दल तुला सांगायला हवं. मी आले त्या दिवशी खोकी अजून दारात होती, आणि या हातात लाकडी पाटी घेऊन हजर. झाडण्याच्या आठवड्याची पाटी! तू हसशील. तुमच्या ब्रेमेनमध्ये जिना कुणी झाडायचा ते वारा ठरवतो म्हणे. त्यांनी पाटी माझ्या दाराच्या मुठीला अडकवली आणि म्हणाल्या, "तुमचा आठवडा. कपाटं काय, कुठे पळून जात नाहीत. आधी पायवाट झाडा." मी झाडली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाटी पुन्हा माझ्याकडे द्यायला आल्या तेव्हा उंबऱ्यातूनच चौकशी, "मदतीचा नवा अर्ज टाकला ना?" मी म्हटलं, नवा कशाला, जुनी चालू आहे की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी पायवाट उलट्या बाजूने झाडलीय. "अहो बाई, जुनी मदत जुन्या घराची. घर सोडलंत त्या दिवशी ती मेली. जा पळा."

पळाले. तिसऱ्या मजल्यावर यिल्दिरिमबाई बसतात. पन्नाशीच्या, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा, आणि स्वाबियन बोली अशी अस्सल की माझी आईसुद्धा लाजली असती. त्यांनी माझे कागद पाहिले, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "खाली नोंद केलीत तर आम्हाला आपोआप कळेल असं वाटलं ना? आठवड्याला तिघे-चौघे असेच येतात. सगळे आपल्याकडचेच. बाहेरगावचे लोक विचारतात तरी, आपली माणसं शिक्का मिळाला की घरी जातात." मग त्यांनी समजावलं. मार्चचे एकशे अडुसष्ट परत करायचे, कारण मार्चमध्ये मी त्या घरात नव्हतेच. नवी मदत अर्जाच्या महिन्यापासून, म्हणजे एप्रिलपासून, त्यामुळे मार्च पूर्ण माझ्या अंगावर. आणि महागडं घर घेतलं तर भाडं मोजताना ते पूर्ण धरत नाहीत. आमच्या गावात एकट्या माणसासाठी पाचशेच्या थोडं वर जाऊन रेघ आहे. त्या रेघेच्या वरचं जे काही, ते आपल्या खिशातून, मग गुडघा असो की काही. मी विचारलं, आता मी काय करू? त्या म्हणाल्या, "आता? आता अर्ज भरा. सही आधी झाली, रडणं नंतर करू."

त्या अर्जात एक रकाना आहे. घरात किती माणसं राहतात? त्यांनी घराचा नकाशा पाहिला होता. म्हणाल्या, "दोन खोल्या आणि एवढं स्वयंपाकघर. कुणी येणार आहे का राहायला?" फोल्कमार, चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझे कान तापले. मी म्हटलं, माहीत नाही. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "माहीत नाही असा रकाना नाही हो आमच्याकडे. एक किंवा दोन." मी एक लिहिलं. तेव्हा ते खरंच होतं. पण त्या थांबल्या नाहीत, म्हणाल्या, "उद्या कुणी आलं तर लगेच कळवायचं. लग्न झालंय की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. एका चुलीवर जेवता का, एवढंच मी विचारते."

लग्नाशी देणंघेणं नाही! घरी येताना बसमध्ये हेच वाक्य डोक्यात फिरत होतं आणि मला मोसिंगरबाईंचं घर आठवलं, आपण दोघं भाड्याने घ्यायला बघायला गेलो होतो ते. तुला आठवतं? फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर. दोन खोल्या, तिसरा मजला, खिडकीतून कारखान्याची चिमणी. मी आईचे हातमोजे घालून आले होते, म्हणजे मोठी दिसेन. मोसिंगरबाईंनी सगळं दाखवलं, कोळसा कुठे ठेवायचा, कपडे कुठे वाळत घालायचे, आणि मग हात बांधून उभ्या राहिल्या. "लग्नाचा दाखला?" त्या वेळी त्यात नवल नव्हतं. थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत बिनलग्नाच्या जोडप्याला खोली दिली तर घरमालकालाच शिक्षा व्हायची, आणि कायदा बदलला तरी मोसिंगरबाई बदलल्या नव्हत्या. आणि तू, एक क्षण न दवडता, टोपी काढून म्हणालास, "लग्न मे महिन्यात आहे, बाई." मे महिन्यात! मला त्याआधी त्यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. मी तीन मजले धडधडत उतरले. वरून तू ओरडत होतास, "हायडी, अगं थांब, ऐक तरी!" मी थांबले नाही. तुला वाटलं मला तू नकोस. शरद ऋतूत तू जहाजांच्या गोदीवर काम घेऊन उत्तरेला निघून गेलास, आणि मी वाट पाहत राहिले की हा एकदा नीट येऊन विचारेल. आज स्पष्ट लिहिते, कारण पन्नास वर्षांत कधी बोलले नाही. मला लग्न करायचं होतं. तुझ्याशीच. मे महिनासुद्धा चालला असता. फक्त मोसिंगरबाईंच्या आधी मला विचारायला हवं होतंस.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. हेल्मुट भला नवरा होता आणि तुझी इंगे किती चांगली होती ते मी तिच्या फोटोवरून ओळखलं. मी काही पन्नास वर्षं खिडकीत बसून काढली नाहीत. पण गेल्या सप्टेंबरात आपल्या जुन्या मैत्रिणीच्या, ट्राउडलच्या पंच्याहत्तरीला इतक्या वर्षांनी तू दारातून आत आलास, आणि बटाट्याच्या सॅलडचं भांडं हातात धरून मी उभीच राहिले. ट्राउडल म्हणाली, "अगं ठेव ते, हात दुखतील."

आता खरं कारण. गुडघा ठीक आहे. दुखतो, पण एकाहत्तर पायऱ्या अजून दहा वर्षं चढला असता. नाताळानंतर सत्तावीस तारखेला तू माझ्याकडे आलास. मी वर मसूर आणि श्पेत्सलेच्या जाड शेवया करून ठेवल्या होत्या. खालून घंटा वाजली, मी दार उघडून उभी राहिले, आणि तू येईनास. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी खाली आले तर तू तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीच्या कठड्यावर बसला होतास. टोपी मांडीवर, ओठ निळसर. तीस वर्षं वेल्डिंगचा धूर प्यालेली तुझी छाती भात्यासारखी वाजत होती. मला पाहिल्यावर म्हणालास, "इथून दृश्य छान आहे." त्या खिडकीतून कचऱ्याच्या डब्यांचं छप्पर दिसतं, फोल्कमार. मी तुझ्या शेजारी बसले आणि आपण वीस मिनिटं त्या छपराचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊ म्हटलं तर तू म्हणालास घरीच बरं वाटतंय. मला समजलं. एकदा उतरलास तर पुन्हा चढता येईल याची तुला खात्री नव्हती. ईस्टरचा विषय निघाला तेव्हा गाड्या उशिरा धावतात म्हणालास. गाड्या उशिरा धावतातच, पण तू यापूर्वी कधी त्याची तक्रार केली नव्हतीस.

त्या ईस्टरला मी ओठ चावून गप्प बसले. या घरात येऊन दीड महिना झाला होता, आणि जिभेवर आलं होतं की अरे ये, एकही पायरी नाही. पण अर्ज अडकलेला होता. समज तुला बोलावलं असतं आणि जूनमध्ये कळलं असतं की हे घर मला झेपत नाही, तर तुला पुन्हा कुठल्या तोंडाने सांगणार होते की चौथ्या मजल्यावर चल? तेही घर आता माझं राहिलं नव्हतं, तिथे एक तरुण जोडपं राहायला आलंय आणि त्यांची बाळगाडी जिन्याखाली उभी असते. मी जवळजवळ दोन महिने रोज अकरा वाजता पत्रपेटी उघडायची. केशेलेबाई अंगणातून विचारायच्या, "आलं का?" आणि नाही म्हटलं की मला रुबार्बचे आंबट देठ तोडून द्यायच्या. आमच्या अंगणात आधीच्या भाडेकरणीने लावलेलं रुबार्ब आहे, पानं छत्रीएवढी. इतका रुबार्बचा केक मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

मंगळवारी पत्र आलं. महिना दोनशे पंचवीस. म्हणजे जुन्यापेक्षा सत्तावन्न जास्त, आणि भाडं मात्र एकशे शहाण्णवने जास्त. मध्ये उरलेले एकशे एकोणचाळीस माझे मला भरायचे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि एकदा मनसोक्त रडले, यिल्दिरिमबाईंनी नंतर करू म्हटलेलं रडणं. मग उठले आणि बुधवारी माझी जुनी ओपेल गाडी विकली. विमा, कर, गाडी उभी करायच्या जागेचं भाडं आणि पेट्रोल धरलं तर महिन्याला एकशे एकोणचाळीसच्या थोडं वरच वाचतात. स्टेशन इथून चार मिनिटांवर आहे, गाडी हवी कशाला? गॅरेजवाल्याने किल्ली घेताना विचारलं, "बाई, नक्की ना? अठरा वर्षांची सोबत आहे." मी म्हटलं, नक्की. घर टिकलं. जीव भांड्यात पडला.

हे सगळं तुला अशासाठी सांगितलं की पुढचं वाचताना तुझ्या डोक्यात शंका यायला नको. तू गोदीच्या कामगार संघटनेचा खजिनदार होतास, आकडा दिसला की तो उलटून पाहणारच. तेव्हा ऐक. मी यिल्दिरिमबाईंना विचारून घेतलंय. घरात दोन माणसं असतील तर रेघ वर सरकते आणि हे सगळंच्या सगळं भाडं तिच्याखाली बसतं. पण मग दुसऱ्या माणसाची पेन्शनही धरतात, आणि ती जर गोदीतल्या वेल्डरची असेल, तर मदत उरतच नाही. शून्य. अर्धं भाडं तू दिलंस आणि मदत गेली, तरी शेवटी मी जवळपास आहे तिथेच राहते, कारण तू जेवतोस किती ते मी डिसेंबरात पाहिलंय. थोडक्यात, तुझ्या येण्याने मला फायदा नाही आणि तुझ्या न येण्याने मी बेघर होत नाही. हे घर माझं एकटीचंही निभतं. त्यात एक खोली जास्त आहे, मागच्या बाजूची, सकाळी ऊन येणारी. तिथे मी अजून शिवणाचं यंत्रसुद्धा ठेवलेलं नाही.

सोबतचा कागद पाहा. घरातल्या माणसांत बदल झाल्याचं कळवण्याचा फॉर्म. त्या दिवशी निघताना यिल्दिरिमबाईंनी तो माझ्या पिशवीत सरकवला आणि म्हणाल्या, "असू द्या. लागला तर आहे, नाही लागला तर पाठकोरा आहे." वरचं माझं नाव मी भरलंय. खालची ओळ रिकामी आहे. तिथे मी तुझं नाव लिहिलेलं नाही, पेन्सिलीनेसुद्धा नाही, कारण न विचारता दुसऱ्याच्या वतीने उत्तर दिलं की काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. म्हणून आधी विचारते, आणि कुठल्याही बाईंच्या समोर नव्हे. फोल्कमार, माझ्याकडे राहायला येशील? नाही म्हणायचं असेल तर कागद तसाच परत पाठव, मागच्या बाजूला मी गिऱ्हाइकांची मापं लिहीन आणि रविवारी नेहमीसारखी फोन उचलेन. हो म्हणायचं असेल तर महिना तूच ठरव, मे येईपर्यंत थांबायची गरज नाही. या खेपेला मी पळून जाणार नाही. उतरायला जिनाच नाही.

तुझीच,
हायडी